एकोणीस-वीस

सतव्यात, शिंप्यांच्या गल्लीला लागून
कुंजुमोनच्या दुकानात दोघी भिंतीला टेकून उभ्या आहेत
एकाच शाळेच्या गणवेशात.
एक काळी आणि एक काळीच,
थोडी राखाडीकडे झुकलेली, तीही ट्यूबलाइट लागली की.

धाकटी तेरा किलो. थोरली साडेपंधरा.
धाकटी एका चार्जात तीस किलोमीटर, थोरली चाळीस.
(ही कंपनीची भाषा. कुंजुमोन म्हणतो,
ऑगस्टमध्ये दोन्हींतून पाव भाग वजा कर,
पोट सुटलं असेल तर आणखी थोडा.)
धाकटीची चाकं भरीव, थोरलीची हवेची.
किमतीत फरक नव्वद दिरहम.
नव्वद दिरहम म्हणजे सहा वेळा टॅक्सी,
नाहीतर मिरजेला आईच्या चष्म्याची काच.

चार शुक्रवार झाले, येते,
घडी घालते, उलगडते, उचलून बघते
कमरेतून नाही, गुडघ्यांतून,
नर्सिंगला शिकवलं होतं तसं:
माणूस असो की बादली, पाठ सरळ.
दोन्ही उचलता येतात.
आमच्याकडे दोन जिने आहेत,
आणि लिफ्टवर जानेवारीपासून चिठ्ठी.

रोझेल म्हणते, हलकी घे.
तिचा नवरा सेबूहून व्हिडिओवर म्हणतो, जड घे,
जड टिकतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.
वॉचमन म्हणतो कुठलीही घे, खोलीत चार्जिंग चालणार नाही;
मग आवाज खाली आणून,
अकरानंतर मी झोपलेला असतो.

थोरलीची वॉरंटी दोन वर्षं, धाकटीची एक.
कुंजुमोनने हे हसत सांगितलं
आणि मी मनात व्हिसाची तारीख मोजली: चौदा महिने.
म्हणजे धाकटी माझ्याआधी संपणार,
थोरलीच्या आधी मी.
आठ वर्षांत इथे मी असं काही विकत घेतलं नव्हतं
ज्यावर किती दिवस राहणार ते लिहिलेलं असतं.
उशीसुद्धा माझ्याआधीच्या मुलीची आहे.

उम्म सुहैलला सांगितलं, पाय चोळता चोळता, मोडक्या अरबीत.
ती मला ब्रमिला म्हणते, तिच्या भाषेत प नाही.
काचबिंदूने डोळे नेले तेव्हा मी नव्हते,
त्यामुळे तिने मला कधी पाहिलेलं नाही.
"त्यावर दोघी बसतात का?"
नाही, आजी. एकच, आणि तीही उभी.
"मग दोन्ही सारख्याच वाईट."
दुसऱ्या पायाला तेल लावेपर्यंत गप्प.
"आवाज कसा आहे?"
आवाज नसतो, विजेवर चालतात.
"घंटी तर असेल, पोरी."

पाचव्या शुक्रवारी दुकानातून तिला फोन लावला.
धाकटीचं बटण दाबलं: पीं.
मायक्रोवेव्हमध्ये भात गरम झाल्यासारखं.
थोरलीला पितळी वाटी, अंगठ्याने ओढायची: टिण्ण.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
कुंजुमोन गिऱ्हाईक सोडून माझ्याकडे बघतोय.
"दुसरी परत वाजव."
टिण्ण.
"ही. ही कळेल."

अडीच किलो जास्त. नव्वद दिरहम जास्त.
रोज संध्याकाळी दोन जिने चढवते
पाठ सरळ ठेवून, अस्सल मिरजेच्या शिव्या देत.
चाकं आठवड्यातून एकदा बसतात.

सकाळी पावणेसहाला समुद्राकडच्या गल्लीत वळताना
रस्त्यावर एक मांजर आणि पाण्याचे पाइप,
घंटी वाजवायचं काही कारण नसतं.
वाजवते.
फाटक उघडेपर्यंत आत त्सेहायने गॅस लावलेला असतो
आणि उम्म सुहैल पाय पलंगाखाली सोडून तयार,
तेलाची बाटली मांडीवर.
माझ्या दिशेला, थोडं चुकून, तोंड करून म्हणते:
आज हवा कमी आहे.
उंबऱ्यावर आपटलीस.